त्याच वाक्याला माइक कसा जायचा?

प्रिय बाबा,

आज दुपारी गोंडपिपरीच्या मांडवात आवाज तपासताना तुमची लबाडी मला सापडली. निदान मला तसं वाटतंय. म्हणून लगेच लिहायला बसले.

तुम्ही गेल्यानंतरचा आपल्या नाटकाचा हा पहिलाच प्रयोग. साउंडला तुमच्या जागी आता आरमोरीचा रमेश बसतो. त्यानं बिनतारी माइकचा रिसीव्हर टेबलावरून उचलून उंच बांबूला बांधला. "लोकाईच्या डोक्यावरून सिग्नल सरळ येते, ताई." खरखर गेली की हो सगळी!

आणि तुमच्या वेळी? बाप मेल्याच्या प्रवेशात मी "बाबा, डोळे उघडा ना" म्हणायची आणि नेमका माइक जायचा. पुढच्या वाक्याला परत हजर! तुम्ही म्हणायचे, "पब्लिक मंधात येते, बाई. सिग्नल अडून राह्यलं." अहो, त्या प्रवेशाला पब्लिक जागचं हलत नसे. मग अडत काय होतं?

आधी मला बॅटरीचा संशय आला. मग दुसऱ्या नटीचा. तिच्याशी मी बोलणंच टाकलं. शेवटी तुमचा. मुलीनं स्टेजवर उभं राहणं तुम्हाला खपत नव्हतं का? एकदा तोंडावर सांगायचं तरी!

आज तेच वाक्य सगळ्या भोंग्यांतून खणखणीत निघालं. मी पहिल्यांदाच ते असं ऐकलं. पुढचं वाक्य म्हणायचं सोडून भोंग्याकडेच बघत राहिले.

"ताई, माइक गेला का?" रमेश ओरडला.

"नाही. माइक चांगला आहे."

मग त्याला खोदून विचारलं. "मशीन तर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दरवेळी त्याच जागी जाते, म्हणजे कोणीतरी बटन खाली करत असन." आणि तारा गुंडाळायला लागला.

आईला फोन लावला. "मेल्या माणसावर संशय घेतेस काऊन?" डाफरलीच ती. मग हळूच म्हणाली, "तुह्या तोंडून त्यायले ते आयकवत नोयतं, माय."

आईचं तरी खरं मानू का? ती कायम तुमचीच बाजू घेते. पण बाबा, फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

वाक्य मी गाळणार नाही. आजच्या प्रयोगात मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असंच म्हणेन, हा माझा शब्द. तुम्हाला ऐकवत नसेल, तर कानांवर हात ठेवा.

तुमचीच संशयखोर,
सुनंदा