अस्तेरच्या घरी धरलेली ओंजळ

पूर्णा

प्रिय वहिनी,

मी इथिओपियातून पाठवलेलं प्रत्येक पत्र तुला दादानं वाचून दाखवलं. अंगणात बाजेवर बसून, मोठ्यानं, शेजारच्या कौसाबाईलाही ऐकू जाईल असं. त्यामुळे मी तुला खरं काही लिहिलंच नाही. इकडे पाऊस बरा आहे, तब्येत चांगली आहे, मुलं हुशार आहेत, दादाला जप. याला काय तुला लिहिणं म्हणायचं? हे पत्र कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून लिहायला घेतलं. आणि स्वस्थ बसवत नाही, म्हणूनही.

खरंच बसवत नाही, वहिनी. तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं गेली, विहारातल्या सतरंज्या परत गेल्या, तेव्हापासून मी या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत नुसती येरझारा घालते आहे. घासलेलं भांडं पुन्हा घासते. दारात जाते, परत येते. स्टेशनात इंजिनाची शिट्टी झाली की उगाच बॅगेकडे बघते. परतीचं तिकीट बॅगेत आहे आणि जायचं की नाही ते ठरत नाही.

वेळही धड कळत नाही. तिकडचं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तिथल्या पहिल्या आठवड्यात मी शाळेला भलत्या वेळी पोचायची आणि शिपाई हसायचा. आता उलटं झालंय. काल तुझ्या उजीला म्हणाले, "आवर, चार वाजत आले, शाळेला उशीर होईल." ती बघतच राहिली. "आत्या, चारला तर शाळा सुटती." मग आम्ही दोघी हसलो. तू गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

एवढी आजारी होतीस, तरी तू मला का बोलावलं नाहीस? दादा म्हणतो, "तीच म्हणली, शालूच्या शाळंतल्या पोरांची परीक्षा जवळ आली, तार करू नका." कौसाबाई म्हणते, "काय बी सांगतो तुझा भाऊ. शेवटी शेवटी तर रोज इचारायची, शालू कधी यायली?" कोणाचं खरं मानू? दोन्ही तुझंच बोलणं वाटतं. मला तार मिळाली तेव्हा तू गेली होतीस. बसनं अदिस अबाबा, तिथून विमानानं मुंबई, मग रेल्वे. सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं, की मला कळवायचं की नाही हे तुम्ही दोघांनीच कसं ठरवलं.

आता मी तुला कधी न लिहिलेलं सांगते.

माझ्या वर्गात तिगिस्त नावाची मुलगी आहे. कुंभाराची. तिकडे मडकी बायका घडवतात. नदीवरून माती पाठीवर आणतात, घरामागे गवत-लाकूड रचून भाजतात. अख्खं गाव त्यांच्या मडक्यात शिजवतं, पण त्यांच्या घरात पाऊल टाकत नाही आणि त्यांच्या ताटात जेवत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिगिस्त नेहमी दाराजवळच्या बाकावर एकटी बसायची. मला वाटायचं, लाजाळू असेल, माझ्यासारखी. मग ती यायचीच बंद झाली आणि एका शनिवारी मी घर विचारत विचारत तिच्याकडे गेले.

तिची आई, अस्तेर, माझ्याहून थोडी मोठी असेल. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मला बघून गडबडली. हात धुतले, कॉफी भाजायला घेतली, ताट मांडलं. तिकडे एकाच ताटात सगळे जेवतात. आपल्या धिरड्यासारखा, पण आंबट आणि परातभर मोठा इंजेरा, त्यावर तिखट मसुरीची डाळ. आणि पाहुण्याला मान द्यायचा म्हणजे घास करून आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालायचा. गुर्शा म्हणतात त्याला.

अस्तेरनं घास केला आणि माझ्या तोंडापाशी आणला. आणि वहिनी, मी काय केलं असेल? मी ओंजळ पुढं केली.

विचार करून नाही केलं. हात आपोआप गेले. कोपरं वर, बोटं मिटलेली. तूच शिकवलं होतंस की. मी पाच-सहा वर्षांची असेन, तुझ्या माहेरी ताडकळसला बाजाराच्या दिवशी तहान लागली म्हणून रडत होते. एका घरच्या बाईनं ओट्यावरून तांब्या तिरका केला. तू मला खाली उभं केलंस आणि म्हणालीस, "कोपरं वर धर. बोटं घट्ट मिटव. आन् वर बघू नको, पाणी सांडतं." मी एक थेंब सांडला नाही, म्हणून तू मला शाबासकी दिलीस. दुसऱ्याच्या घरचं काही घ्यायचं तर असं घ्यायचं, हे हातांनी पक्कं धरून ठेवलं. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, विमानात बसले, तरी हात विसरले नाहीत.

अस्तेरचा हात हवेत थांबला. तिनं घास परत ताटात ठेवला. तिच्या हाताचं तोंडात नको, म्हणून मी हात पुढं केला, असं तिला वाटलं. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. तिगिस्त खाली बघून इंग्रजीत म्हणाली, "टीचर, आई विचारते, तुम्हालाही गावातल्यांनी सांगितलं का?"

काय सांगणार होते मी? ताडकळसचा तांब्या त्यांच्या भाषेत कसा सांगायचा? मला 'पाणी', 'भाकरी', 'किती झाले', एवढेच शब्द येत होते. मी तिचं मनगट धरलं, तिच्याच हातानं तो घास उचलायला लावला आणि तोंडात घेतला. डाळ इतकी तिखट होती की मला ठसका लागला. तिगिस्तला वाटलं मी रडते आहे. अस्तेर मात्र हसायला लागली आणि तिनं लगेच दुसरा घास केला.

सोमवारी मास्तरांच्या खोलीत एकानं विचारलं, "काल-परवा त्या मडकीवाल्यांकडे जेवलात म्हणे?" मी हो म्हणाले. चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला हसूच आलं, वहिनी. एवढ्या लांब गेले आणि कुठं पोचले बघ.

हे मी अंगणात वाचायच्या पत्रात कसं लिहिणार होते? नामांतराच्या दंगलीत तुझ्या माहेरचं घर जळालं, तेव्हा तू जाऊन आलीस आणि कोणाशी एक शब्द बोलली नाहीस. काखेत फक्त पाटा होता, जळत नाही म्हणून राहिलेला. तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "बी.एड.चा फारम भर. तू तेवढी मास्तरीण हो." विद्यापीठाचं नाव अजून बदललेलं नाही. कौसाबाईचा मुलगा अजून मोर्चाला जातो. आणि त्याच ताडकळसची गोष्ट मी परदेशातून लिहून पाठवायची, दादानं ती मोठ्यानं वाचायची आणि तू मान खाली घालून ऐकायची? माझ्याच्यानं झालं नाही.

तेव्हापासून शाळेआधी माझ्या खोलीच्या ओट्यावर वर्ग भरतो. तिगिस्त आली, मग तिचे चुलत भाऊ आले, मग चांभारांची मुलं. मला स्वयंसेवक म्हणून खोली आणि पोटापुरता भत्ता मिळतो. हा वर्ग घ्यायला कोणी सांगितलेलं नाही, बंद केला तरी कोणी विचारणार नाही. तीच भीती आहे. ती मुलं यंदा आठवीच्या परीक्षेला बसायची आहेत आणि मी गेले नाही तर पुन्हा दाराजवळच्या बाकावर जातील, किंवा तिथंही नाही.

आणि इथं उजी आहे.

परवा दादा ड्युटीवरून आला, हातपाय धुतले आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "आता कशाला जायलीस परत? इथं शाळा न्हाईत का? आपली पोरं न्हाईत का?"

मी घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं.

"मी दिवसभर रुळावर. सैपाकपाणी कोण करंल? तू न्हाई ऱ्हायलीस तर उजीला शाळंतून काढावं लागंल. तुझी वहिनी असती तर हेच म्हणली असती, ऱ्हा म्हणून."

तुला माहीत आहे, मी दादाला कधी उलटून बोलले नाही. पण तोंडातून निघून गेलं, "वहिनी असती तर सैपाक तिनंच केला असता, दादा. तू विचारलंही नसतंस."

उजी चुलीपाशी थिजल्यासारखी बसली होती. मी परातीत पीठ घेतलं आणि दादाला म्हणाले, "इकडे ये. शिकवते तुला भाकरी."

"ह्या हातानं?"

"रूळ उचलतोस ना त्या हातानं? भाकरी त्याहून हलकी असते."

कशासाठी बसला कोण जाणे, पण बसला. पीठ चिकटलं, भाकरी थापताना फाटली, तव्यावर टाकताना एक तुकडा चुलीत पडला. तव्यावर जे उरलं ते बघून मी म्हणाले, "हा तर जिल्ह्याचा नकाशा झाला." उजी वाकून म्हणाली, "बाबा, ह्याच्यात पूर्णा कुठं हाय ते दाखवा." दादानं जळका कोपरा दाखवला. "हे बघ. इंजिनाचा धूर हाय इथं."

तीच भाकरी तिघांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा एक केली. उजीच्या शाळेचं काय, विचारलं तर म्हणतो, "बघू." त्याचं 'बघू' तुला ठाऊक आहे, त्यातून होही निघतं आणि नाहीही.

उजीला मी एकटीला विचारलं. ती म्हणाली, "तू जा आत्या. आई असती तर जाच म्हणली असती." घ्या. दादाची वहिनी म्हणते राहा, उजीची आई म्हणते जा. कौसाबाईकडे तर रोज नवीन वहिनी आहे. तू गेल्यापासून जेवढी बोलायलीस, वहिनी, तेवढी जन्मात बोलली नव्हतीस.

आणि मी तरी वेगळं काय केलं? या पत्रात मीही तुला तेच विचारायला बसले होते. इतकी पानं लिहून झाली तेव्हा लक्षात आलं, की मी ओट्यावरचा वर्ग रंगवून सांगते आहे, तो तू 'जा' म्हणावंस म्हणून. आजवर सगळं तुझ्या शब्दावर केलं. कॉलेज, बी.एड., इथिओपियासुद्धा. दादा नको म्हणत होता, तू म्हणालीस, "जाऊ द्या तिला, येईल की." तुझ्या आड उभं राहायची मला सवयच लागली. पण तू खरंच काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. दादालाही नाही. एवढंच खरं आहे, आणि ते फार जड जातंय.

म्हणून मी ठरवलं आहे. मी जाते. मुलं परीक्षेला बसेपर्यंत. हे चुकीचं ठरलं तर ते माझं चुकलेलं असेल, त्यात तुझं काही नाही. उजीला पोस्टाची पाकिटं देऊन ठेवते आहे. दादा काय सांगतो ते नाही, शाळेत काय शिकवलं ते तिनं स्वतःच्या हातानं लिहायचं, असं आमचं ठरलं आहे. त्या पत्रांतली शाळा थांबली असं दिसलं, तर परीक्षेची वाट न बघता परत येईन आणि दादासमोर उभी राहून भांडेन. तुझं नाव न घेता, माझ्या तोंडानं.

मला भांडता येत नाही, तू ओळखतेस मला. शिकेन.

तुझी,
शालू