दारांची तपासणी

सोमवार, ३ मार्च
डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, झेपेल तेवढं चाला. मुलगा म्हणाला, चालवत नाही तर गल्लीच्या टोकाचं दुकान शेजारच्या झेरॉक्सवाल्याला देऊन टाकू. उभी हयात त्या दुकानात रंधा मारला, आणि हा देऊन टाकू म्हणतो. शेवटी असं ठरलं, रविवारी मी एकट्यानं चालत तिथे जायचं आणि दुकान राहील हे त्याला तोंडावर सांगायचं. तो लगेच कबूल झाला. बाप काय चीज आहे ते त्याला अजून माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च
रविवारच्या सरावाला निघायच्या वेळी चपला पायात जाईनात. हल्लीचं चामडं आटतं. ही म्हणते, चामडं नाही, पाय सुजलेत, वरून मीठ घेऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं. हिला चामड्यातलं काय कळतं! आजचा बेत रद्द.

बुधवार, ५ मार्च, संध्याकाळी
न्हाव्याच्या दुकानापर्यंत झकास. तिथे दम लागला असं नाही, पण दार नजरेत भरलं. चौकट धरून बिजागरी न्याहाळत उभा राहिलो. म्हातारा नुसता थांबला की लोक पाणी घेऊन धावतात. बिजागरी बघत थांबला की कारागीर म्हणतात. न्हावी म्हणाला, काका, बरं झालं, दार फार कुरकुरतं. श्वास जुळल्यावर म्हणालो, करून देतो. मग हत्यारं बघायला घरी परतलो. हत्यारं दुकानात आहेत हे घरी आल्यावर आठवलं.

गुरुवार, ६ मार्च
लघवीची गोळी मुद्दाम चुकवली. भर गल्लीत कुठे धावायचं? डॉक्टर गाडीतून फिरतात, त्यांना ही अडचण सुचणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च
दिवसभर खुर्चीत. आडवं झालं की धाप. उशीवर उशी रचून पाहिली, पण आताच्या कापसात दम नाही. गोळीचं बिंग फुटलं. ही डॉक्टरांना फोन करून आली आणि गोळी हातावर ठेवून गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

शनिवार, ८ मार्च
आज बेकरीपर्यंत मजल. वाटेतली झाडून सगळी दारं तपासली. इस्त्रीवाल्या मावशींच्या दारात खोट सापडेना, त्यामुळे तिथे फारच वेळ थांबावं लागलं. मावशी म्हणाल्या, भाऊ, दार कालच नवीन बसवलंय. म्हणालो, म्हणूनच बघतोय. बेकरीवाल्याची फळीही कबूल केली. हिनं विचारलं, एवढी कामं करणार कोण? करवतीला हात लागतात, हृदय नाही, असं सुनावलं. हसली नाही.

रविवार, ९ मार्च, दुपारी
पोचलो! सकाळ सगळी गेली, पण कुणाचा हात धरला नाही. दुकानाची पायरी कुठल्या गाढवानं इतकी उंच केली असं मनात आलं. मीच केली होती. आत मुलगा, शेजारी झेरॉक्सवाला. भाषण तयार होतं, फक्त त्याला लागणारी हवा नव्हती.
मुलानं विचारलं, "बाबा, बोला, देऊन टाकायचं?"
धापेनं मान खालीवर होत होती. तो होकार समजला. झेरॉक्सवाल्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. मुलानं स्टूल पुढे सरकवलं, पाठीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभा राहिला. थोड्या वेळानं श्वास आला. तेव्हा बोलता आलं असतं. चालून आलो ती गल्ली दारातून पाहिली आणि गप्प बसलो.

रविवार, संध्याकाळी
हिला सांगितलं, झेरॉक्सवाला तरुण माणूस आहे, मोठ्या मनानं दिलं. ती म्हणाली, मुलगा सांगत होता, नुसती मान हलवलीत. म्हणालो, तेच ते.
मग तिनं विचारलं, "उद्या जायचंय तिकडे?"
नाही म्हणालो. हे म्हणताना मात्र दम लागला नाही.