एकेरी मच्छरदाणी

३ मार्च, बुधवार

स्वेटर पुन्हा बाहेर काढला. सासूबाईंनी पुन्हा आत ठेवला.

"गरम कपडे घ्या, असं तोच म्हणाला."

"गरम देशातले कपडे म्हणाले ते. आफ्रिकेत, गोल्ड कोस्टला अंगावर बनियन सहन होत नाही म्हणे."

"मग नीट सांगायला काय होतं त्याला?"

खरंच, काय होतं?

ट्रंकेत आतापर्यंत: ह्यांचे सुती शर्ट, लांब बाह्यांचे, संध्याकाळच्या डासांसाठी. क्विनीन. उन्हासाठी सोला टोपी. गोडा मसाला, डब्याच्या झाकणाला मेण लावून. माझ्या साड्या अजून खुर्चीवर. हे म्हणतात, आधी माझं होऊ दे.

५ मार्च, शुक्रवार

शाळेतला शेवटचा दिवस. मुलींनी रजनीगंधाच्या काड्या दिल्या. ट्राममध्ये मोडल्या.

भवानीपुरातल्या बंगाली शाळेत मराठी बाईला इंग्रजी शिकवायला कोणी सहज घेत नाही. मला घेतलं होतं. जानेवारीत हे म्हणाले, "कंपनी पाठवतेय. आपण जाऊ." त्या एका शब्दावर राजीनामा दिला. माझ्या जागी नव्या बाई आल्यासुद्धा. चांगल्या वाटल्या. राग आला.

६ मार्च, शनिवार

ह्यांच्या ऑफिसातले घोषबाबू आले. तेही चाललेत. आपली तागाची पोती, तिकडचा कोको, तेच बोलणं. हे इंग्रजीत म्हणाले, "वी सेल ऑन थर्सडे." मग बंगालीत, "आमरा खिदिरपूर डॉक थेके..." वगैरे.

चहा देताना मराठीत विचारलं, "आपण बोटीवर किती दिवस असू?"

"डिपेंड्स," हे म्हणाले. कपाकडे बघून.

'वी'मध्ये मी असेन किंवा नसेन. 'आमरा'मध्येही तेच. मराठीत ती सोय नाही. आपण म्हणा, नाहीतर आम्ही म्हणा. बरेच दिवस हे प्रवासाविषयी माझ्याशी मराठीत बोललेले नाहीत. आज कळलं. आधी कळायला हवं होतं, भाषा शिकवते म्हणे मी.

खोटं असेल. मनाचे खेळ असतील. साड्यांना इस्त्री केली.

८ मार्च, सोमवार

शिंप्याकडून मच्छरदाणी आणली. हातात घेतानाच हलकी लागली.

"छोटी है ये."

"बाबू सिंगल बोला, दीदी. हम पूछा भी, डबल नहीं? बोला, सिंगल."

शिंप्याने विचारलं. त्याला उत्तर मिळालं.

घरी येऊन पलंगावर टाकली. एक उशी मावते. हे ऑफिसातून आले तेव्हा तशीच होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझी."

"आणि माझी?"

बूट काढायला खाली वाकले. खालूनच म्हणाले, "आम्ही गुरुवारी निघतो. घोष आणि मी."

आम्ही. अखेर मराठीत.

"आईजवळ कोणीतरी हवं. वर्षाचा तर प्रश्न आहे."

"राजीनामा दिला तेव्हा का बोलला नाहीत?"

"तू इतकी उत्साहात होतीस."

म्हणजे माझाच गुन्हा. सोला टोपी उचलली होती. फेकली नाही. हलकी असते, लागली नसती.

सासूबाई दारात येऊन उभ्या. हात पिठाचे. "मला वाटलं, तू हिला सांगितलं असशील."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"तूच घातलंस मला मध्ये. माझी सोबत कोणी मागितली? धाकटा पुण्याला बोलावतोय कधीचा. ही गेली तर मी तिकडे जाईन."

ह्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता चौथी भाषा सुचेना.

"बोटीत जागा बघावी लागेल," हे म्हणाले. "मिळेलच असं नाही."

"मग बघा."

"कंपनीला काय सांगू?"

"इंग्रजीत सांगा. सोपं जाईल."

जेवले नाहीत. मी जेवले. स्वेटर ट्रंकेत राहू दिला. साड्या त्याच्यावर दाबून भरल्या. झाकण बसत नाही.

९ मार्च, मंगळवार

सकाळी हे बाहेर पडले. कुठे, विचारलं नाही. मी मच्छरदाणी घेऊन शिंप्याकडे गेले. जोड देऊन डबल करायला सांगितली, बुधवारी संध्याकाळी हवी म्हटलं.