नव्वदची शेवटची बाटली

९ एप्रिल

व्हर्नाच्या जिभेच्या मुळाशी आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. सात आठवडे किरण द्यायचे, सोबत औषध. चोवीस तारखेला सुरुवात. लवकर सापडलंय, बरं होण्यासारखं आहे, असं दोनदा म्हणाले. मग कागदाची घडी घालता घालता – चव मात्र जाईल. परत येईलच असं नाही.

अ‍ॅडलेडहून परत येताना व्हर्नानं अर्ध्या रस्त्यात गाडीची काच खाली घेतली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मर्व, ती नव्वदची उघडू या. चव आहे तोवर."

अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या तळघरात वाइन राखली. बायकोच्या आजारात माझा उपयोग एवढाच! पण जेवढा आहे तेवढा तरी नीट करेन.

१० एप्रिल

घराखालच्या तळघरात उतरलो. नव्वद सालची शिराझ, लाल वाइन, एकच बाटली उरलीय. त्या वर्षी व्हर्ना द्राक्षांच्या काढणीला आली होती आणि मी पिंपांवर होतो. तिच्या बोटांवरचे जांभळे डाग आठवडाभर गेले नव्हते. मालकानं मला त्याच मळ्याच्या सहा बाटल्या दिल्या. पाच आम्ही संसाराच्या पहिल्या काही वर्षांत संपवल्या – फार लवकर, कोवळीच! सहावी मी राखली. व्हर्ना दर वर्षी विचारायची, मी दर वर्षी सांगायचो – अजून नाही.

आडवी होती ती उभी करून ठेवली. पंचवीस वर्षांचा गाळ खाली बसायला आठवडा तरी हवा. व्हर्ना जिन्यावर येऊन बसली. आत्ता उघडली तर काय होईल, म्हणे. म्हटलं, चिखल पिशील. हसली. हसताना गळ्याला हात लावला.

१५ एप्रिल

चौतीस अंश! एप्रिलात, हिवाळा तोंडावर असताना! अशा उकाड्यात जुनी वाइन उघडायची म्हणजे तिचा सत्यानाश. रविवारी उघडायचा बेत रद्द.

शेजारच्या डगला सांगितलं. त्यानं आयुष्यभर पिंपं बांधली, त्यामुळे आपल्याला वाइनमधलंही कळतं असा त्याचा समज आहे. म्हणाला, "बाटली बघत बसू नकोस, गाढवा. बायकोकडे बघ."

त्याला काय जातंय बोलायला.

१७ एप्रिल

दुपारी व्हर्नाचं दवाखान्याशी बोलणं झालं. त्यांचं मशीन बिघडलंय. आता एक मे. मी चिडलो. असल्या आजारात आठवडा घालवतात म्हणजे काय! ती म्हणाली, जाऊ दे, त्यांचाही नाइलाज असेल.

खरं लिहायचं तर आतून जरा बरं वाटलं. वेळ मिळाला. हवा उतरेल.

२२ एप्रिल

हवा उतरली आणि मलाच सर्दी! नाक गच्च. पेला नाकाशी धरून काय उपयोग?

व्हर्ना म्हणाली, मग मला एकटीला दे. चेष्टेत म्हणाली असावी.

२५ एप्रिल

नाकाला अजून काही येत नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. सॉसेज चावलं तर रबर. हिचं हे असं कायमचं होणार. मी चार दिवसांत रडकुंडीला आलोय.

२८ एप्रिल

पुन्हा तारीख पुढे! आता आठ मे. खूप रुग्ण आहेत म्हणे. मी फोन उचलायला गेलो तर तिनं हातातून काढून घेतला. "मी बोलते त्यांच्याशी. तुला नुसतं भांडता येतं," म्हणाली. खरं आहे ते.

आज जेवताना पाव बाजूला सारला. सूप आणि कस्टर्ड, बस. गिळताना डोळे मिटते. मी बघत नाही असं तिला वाटतं.

३ मे

नाक मोकळं झालं. आता वाटतं, नुसतं दोघांनी बसून प्यायची ही वाइन आहे का? ट्रूडी पर्थहून मदर्स डेला येतेय, दहा तारखेला. मुलीसमोर उघडू, कोकराची तंगडी भाजू, सगळं रीतसर. पण आठला दवाखाना! काय करायचं हे तिलाच विचारलं.

व्हर्ना भांडी पुसत होती. "तू म्हणशील तेव्हा," म्हणाली.

४ मे

काय योग बघा! दवाखान्यानं आपणहून पंधरा तारीख दिली, व्हर्ना म्हणाली. या लोकांचा कारभार म्हणजे धन्य आहे. पण या खेपेला मी एक शब्द बोललो नाही.

तिच्या जबड्याखाली गाठ दिसते. पूर्वी दिसत नव्हती. रुमाल बांधते त्यावर, निळा.

१० मे

ट्रूडी पांढरी शेवंती घेऊन आली. आईला बघून दारातच थबकली, मग उगाच मोठ्यानं बोलायला लागली.

सकाळी अकराला बाटली घेतली. बूच अर्ध्यातच तुटलं. माझ्याकडून, अडतीस वर्षं हेच केलेल्या माणसाकडून! उरलेला तुकडा कसाबसा काढला. मेणबत्ती लावून उजेडात हळूहळू जारमध्ये ओतली, गाळ मानेपाशी आला तसा थांबलो. रंग विटकरी, काठाला केशरी. अजून जीव होता तिच्यात.

व्हर्ना शेजारी पेला घेऊन उभी होती. म्हटलं, जरा हवा लागू दे, मांस भट्टीतून निघू दे, मग घेऊ.

"मर्व, आत्ता."

"अजून नाही," मी म्हणालो आणि सुरीला धार लावायला गेलो.

तासाभरानं टेबलावर बसलो. पेले भरले. नाकाशी धरला – काहीच नाही. परत धरला. रिकाम्या कपाटासारखा वास. तोंडात आंबूस पाणी. गेली होती!

म्हाताऱ्या वाइनला हवा सोसत नाही. पंधरा-वीस मिनिटं असते ती, मग संपते. हे मी किती जणांना शिकवलं असेल! आणि स्वतःच तासभर उघडी ठेवली. ट्रूडी म्हणाली, छान आहे हो बाबा. मी ताटावरून उठलो.

मोरीशी जार धूत होतो. व्हर्ना मागे येऊन उभी राहिली.

"बाटलीत तळाशी उरलेली ना, ती मी घेतली," म्हणाली. "तू धार लावत होतास तेव्हा. गाळासकट."

कशी होती, विचारलं. तिला बोलायला वेळ लागतो आता.

"चांगली होती. तू हवा होतास."

मला रडू आवरेना. तिनं पाठीवर हात ठेवला. तिनं माझ्या!

१५ मे

किरण नाहीत. काही नाही.

नवे फोटो काढले. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. फुप्फुसात दोन ठिकाणी गेलंय, मानेत वाढलंय. आता त्रास कमी व्हावा एवढंच औषध द्यायचं. पाच आठवड्यांपूर्वी हेच डॉक्टर म्हणाले होते, बरं होण्यासारखं आहे.

व्हर्नानं एकच विचारलं – म्हणजे चव जाणार नाही?

नाही, डॉक्टर म्हणाले.

तीन आठवडे खाल्ले त्यांनी आमचे. मशीन म्हणे! गर्दी म्हणे! सोडणार नाही मी. सोमवारी फोन करतो. लेखी उत्तर मागतो.

१८ मे

केला फोन. तावातावानं बोललो. नर्सनं सगळं ऐकून घेतलं, नोंदी काढल्या, वाचून दाखवल्या. मशीन एकही दिवस बंद नव्हतं. तिन्ही वेळा फोन आमच्याच घरून गेला होता. तिन्ही वेळा एकच निरोप लिहून घेतलाय, म्हणाली – "घरी एक कार्यक्रम आहे. नवऱ्याची तयारी झाली की येते."