आधी पांढरं बघ

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून घाबरू नकोस आणि हसूही नकोस. घरात दोन-दोन फोन असताना ताई कागदावर लिहायला बसली म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तुला वाटेल. झालाही असेल. पण फोनवर सांगायला गेले की तू मध्येच ‘ताई, जेवलीस का गं’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणते आणि बोलायचं ते तसंच राहून जातं. तीनदा झालं असं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद.

भिंतीवर लावायला आईचा एक चांगला, मोठा केलेला फोटो पाठव, असं तू चार वेळा सांगितलंस. तिला जाऊन दीड महिना होत आला. आणि गल्लीतल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचा फोटो करून देणाऱ्या तुझ्या बहिणीला स्वतःच्या आईचा एक फोटो जमत नाहीये. प्रिंटर बिघडलाय म्हणून मी तुला सांगितलं. प्रिंटर ठणठणीत आहे.

दुकान मी पाचव्या दिवशीच उघडलं. घरी बसून काय करणार, तिची रिकामी खाट बघत बसणार? लोकांची रड तीच आहे. परवा एक बाई आल्या, नवाकोरा फोन काउंटरवर आपटून म्हणाल्या, कंपनीने फसवलं, सगळे फोटो धुरातून काढल्यासारखे येतात. मी फोन उलटा केला, ओढणीने काच पुसली आणि परत दिला. भिंगावर बोटाचं तेल होतं, दुसरं काही नाही. त्या अशा बघत राहिल्या की जणू मी जादूच केली. दुसरे एक आजोबा, त्यांनी लग्नाच्या घोळक्यातून बायकोचा चेहरा बोटांनी ताणून ताणून मोठा केला होता, तो फ्रेमएवढा करून हवा म्हणाले. त्यात नाक कुठे नि डोळा कुठे ते कळेना. मी म्हणाले, आजोबा, जे फोनने टिपलंच नाही ते मी कुठून आणू? ते फोन खिशात घालून निघून गेले. तू असतास तर मला नक्की झापलं असतंस. कुणाला कधी काय बोलावं ते मला कधीच कळलं नाही, हे आईचंच मत होतं.

आमचे स्टुडिओवाले काका आठवतात ना, ज्यांच्याकडे मी काम शिकले? तू शाळेतून येऊन त्यांच्या फिरत्या स्टुलावर गोल गोल फिरायचास आणि ते ओरडायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोरी, फोटोचा रंग सुधारायचा असेल तर चेहऱ्याकडे बघू नकोस. आधी पांढरं बघ. कॉलर, कागद, भिंत, जे खरोखर पांढरं आहे ते फोटोत पांढरं दिसतंय का ते बघ. ते पांढरं असेल तर रंगाला हात लावायचा नाही, मग चेहरा कसाही दिसो. वीस वर्षं मी हेच करत आले. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही शिकवत आले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशी गत.

तुझ्या कामाच्या त्या साइटवर रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. व्हिडिओवर आई नुसती चौकोन चौकोन दिसायची, आणि तिलाही ते नको असायचं. म्हणायची, मी बोलते एकीकडे नि तोंड हलतं दुसरीकडे, भुतासारखं. म्हणून आपलं ठरलं, दर रविवारी एक फोटो. ती पदर सारखा करून खाटेवर बसायची, पाठीशी उशी, डोक्यावर तो जुना पिवळा बल्ब. मी फोन धरला की श्वास रोखून बसायची. मी म्हणायचे, अगं फोटो आहे, एक्स-रे नाही. मग हसायची, आणि तेवढ्यात मी टिपायचे.

त्यातल्या एका रविवारी तुझा मेसेज आला. ‘ताई, आई पिवळी दिसतेय का गं?’ मला रागच आला बघ. वीस वर्षं रंगांचं काम करतेय मी आणि हा मला शिकवतोय! मी लिहिलं की तुला फोटोतलं ढेकळं कळत नाही, बल्बचा उजेड पडलाय. तोच फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेतला, पिवळा कमी केला, जरा गुलाबी चढवला आणि परत पाठवला. वर लिहिलं, बल्ब बदलला, आता बघ. बल्ब काही बदलला नव्हता. समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काय. तुझं उत्तर आलं, ‘हो, आता मस्त दिसतेय. मग आत्ता रजा काढून येत नाही, दिवाणखाना रंगवायला घेऊ तेव्हाच येतो.’ मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले.

आणि मग मी आमच्या धंद्यातली सोय केली. रोज शंभर फोटो करणारा माणूस प्रत्येक फोटो पहिल्यापासून सुधारत बसत नाही. एकदा बसवलेली दुरुस्ती नाव देऊन साठवून ठेवायची आणि पुढच्या फोटोला एका बोटाने लावायची. मी तिला ‘आई रविवार’ असं नाव दिलं. त्यानंतरचे अकरा रविवार फोटो काढला, बोट टेकवलं, तुला पाठवला. मूळ फोटो परत उघडून बघितलासुद्धा नाही. सुधारलेल्या फोटोत उशीचा अभ्रा निळसर दिसायचा. मला वाटायचं, आईच्या हातून धुण्यात नीळ जास्त पडली. तिला तसं बोललेही एकदा.

ती हात खाजवत बसायची. मी साबण बदलून दिला. थकते म्हणायची, मी म्हणाले वय झालं. एका रविवारी तिने स्वतःच विचारलं, मी बरी दिसते का गं? मी तुला पाठवलेला फोटो तिच्यासमोर धरला. किती वेळ बघत होती. मग म्हणाली, अगंबाई, मग मी बरीच आहे की, उगीच कुरकुरते. धाकट्या, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना आठवतं, कुणाच्या पासपोर्टचा फोटो काढताना आठवतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. ती पडली, दवाखान्यात नेलं, पित्ताच्या नळीवर गाठ निघाली. डॉक्टरांनी तिची पापणी वर करून मला विचारलं होतं, हे डोळे दोन-तीन महिन्यांपासून असे असणार, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? आधी आला असतात तर गाठ काढता आली असती, निदान प्रयत्न करता आला असता. हे मी तुला सांगितलं नाही. तू विमानतळावर होतास. नंतर तू आलास ते तिला पोचवायलाच, मग सांगण्यात काय अर्थ, अशी मी माझी समजूत घातली.

गेल्या आठवड्यात तुझ्या फ्रेमसाठी म्हणून मी मूळ फोटो उघडले. अकराही. या वेळी काकांचं ऐकलं, आधी पांढरं बघितलं. अभ्रा पांढराशुभ्र आहे. नीळ जास्त पडलीच नव्हती. आणि त्या पांढऱ्या अभ्र्यासमोर आईचे डोळे हळदीसारखे पिवळे आहेत, प्रत्येक रविवारी आदल्या रविवारपेक्षा जास्त. अकरातल्या सात फोटोंत खिडकी सताड उघडी आहे आणि बल्ब लावलेलाच नाही. फोनने काही चूक केली नव्हती रे. अकरा वेळा खरं सांगितलं होतं त्याने.

तरी मी गप्पच राहिले असते. इतकी भित्री आहे मी. पण काल तुझ्या बायकोचा फोन आला, रडत होती. म्हणाली, हे जेवत नाहीत, कामावरून आले की आईंचे ते रविवारचे फोटो उघडतात, बोटांनी डोळे मोठे करून बघतात आणि म्हणतात, मला कसं दिसलं नाही, मी मुलगा असून मला कसं दिसलं नाही. म्हणून लिहितेय. बघू नकोस ते फोटो, धाकट्या. त्यांत तुला काही सापडणार नाही, कारण ते मी पुसलंय. तुला दिसलं होतं. एवढ्या लांबून, त्या फुटक्या रेंजवर, घरात सगळ्यांत आधी तुलाच दिसलं होतं, आणि मी तुला खोटं पाडलं. सोबत अकरा मूळ फोटो छापून ठेवलेत, रंगाला हात न लावता. भिंतीवर कुठला लावायचा ते तू ठरव, आणि माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव. फक्त दिवसा बघ, खिडकीशी उभा राहून. आधी अभ्रा बघ, मग तिच्याकडे.

तुझीच, तू ठेवशील तोवर,
ताई