खडीसाठी अठरा, वाळूसाठी दहा

लुवसानदादास,

"हवा सोडणं कुणालाही जमतं, पुन्हा भरायला थांबतो तो आपला," असं बाबा मोटरसायकलपाशी उकिडवे बसून म्हणाले होते, त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हा आपण दोघं हसलो होतो.

शरद ऋतू सुखात चाललाय ना? जनावरं अंगानं भरली ना? (शहरात चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे जनावरं नाहीत हे ठाऊक आहे. पण हे विचारल्याशिवाय पुढे लिहिलं, तर आई पत्र फाडायला लावेल.)

मागच्या गुरुवारी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात शहरातून डोळ्यांचे डॉक्टर एका दिवसासाठी आले होते. आईला मागे बसवून मी बाबांच्या मोटरसायकलवरून निघाले. वाट तुला पाठ आहे: आधी खडी, मग वाळूच्या टेकड्या, मग पुन्हा खडी. मागे माणूस असेल तर बाबांचा हिशेब खडीला अठरा पौंड हवा, वाळूला दहा. पण हवा मोजायचं मीटर तू बाबांची आठवण म्हणून नेलंस (आम्ही नुसतीच आठवण ठेवली), म्हणून मी टायर अंगठ्यानं दाबून अंदाज घेतला. आईनंही दाबून पाहिलं आणि "घट्ट आहे" म्हणाली. तिचा अंगठा माझ्या बुटावर होता.

वाळूत हवा सोडली. गाडी अशी मऊ चालली की आई खूश होऊन म्हणाली, "घोड्यापेक्षा बरी गं, पादत नाही." वाळू संपल्यावर मी पंप काढला, तर म्हणे, "आता थांबू नकोस बाई, डॉक्टर चारला जातो." मी ऐकलं. पहिल्याच टोकदार दगडावर मागची ट्यूब रिमखाली चिमटली. साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. ठिगळं होती, सोल्युशन सुकलेलं. मग बाबांचीच युक्ती: टायरमध्ये वाळकं गवत ठासलं आणि खुरडत वाटेवरच्या गोम्बोआजोबांच्या तंबूपर्यंत आलो. चहा घेतल्याशिवाय सोल्युशन कसं मागणार? एक वाटी झाली, दुसरी झाली, त्यांच्या उंटिणीच्या बाळंतपणाची सगळी कहाणी झाली. बाहेर येऊन बघते तर टायरची एक कड सुटलेली, सगळं गवत बकऱ्यांनी खाल्लेलं, आणि एक बकरी व्हॉल्व्हची टोपी चघळत उभी. आजोबा गंभीरपणे म्हणाले, "पोरी, गवत मात्र चांगलं निवडलं होतंस."

ठिगळ लावून पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. डॉक्टर गेले होते, आता वसंतातच येणार. नर्सनं आईला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. "भिंत कुठाय ते आधी सांग," म्हणून आईनं तिला हसवलं. मला हसू आलं नाही.

तुझी बहीण,
सेव्जिद

ता. क. थंडीत हवा किती ठेवायची ते लिहून पाठव.

ता. क. पुन्हा. आई म्हणते, आकडे नकोत. तीन वर्षांपूर्वी तू निघालास तेव्हा वाटेला लागणाऱ्याच्या मागं शिंपडायचं दूध तिनं तुझ्या गाडीऐवजी पाण्याच्या टाकीमागं शिंपडलं. म्हणून तुला परत यायची वाट सापडत नाही, असं ती मनाशी धरून बसली आहे.

ता. क. शेवटचा. बर्फाआधी तूच ये. मीटर घेऊन ये आणि आईला डोळ्यांसाठी शहरात घेऊन जा. तू नाही म्हणशील, कामाचं सांगशील, मला ठाऊक आहे. तरी विचारते, दादा. येतोस?