संथ नाडी

दर्यापूर, सन १९३८

चि. यादवास मामाचा आशीर्वाद.

गेल्या वर्षी तुझ्या आईचं डोकं ठणकत होतं म्हणून तू तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे न्यायला बैल जुंपले होतेस. निघण्याआधी तू मला वैद्य म्हणून बोलावलंस; मी तिची नाडी पाहिली. "कावून नेतं रे? जपाले बसल्यावानी संथ हाय." ती हसली, "सुई पाहूनच मरीन मी." तू बैल सोडलेस. चौथ्या दिवशी ती गेली.

गेल्या महिन्यात त्याच डॉक्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझी नाडी तिच्यासारखीच संथ, पण रक्ताचा दाब भयंकर. संथ नाडीला मी आरोग्य समजत आलो.

काल वर्षश्राद्धाला तू माझ्या पाया पडून रडलास. "मामा, मीच तुमाले उशिरा बोलावलं."

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुला तसंच समजू दिलं.

तुझा अपराधी,
गुणवंत मामा